गाडी पाणी ‘पिते’ म्हणजे ते पाणी जातं कुठं?

ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. ड्रायव्हर लोकांना उशिरा का होईना थंडावा मिळाला, पण त्याच्याबरोबर एक नवीन गोंधळ पण आला. गाडी उभी केली की खाली पाणी टपकतं. पूर्वी टपकलं की सरळ कळायचं, इंजिनचं पाणी जातंय. आता एसीचं का इंजिनचं हेच कळत नाही, आणि मला अधूनमधून फोटो येतात, डांबरावर ओला डाग आणि खाली प्रश्न, "हे काय असेल रे?"

फोटोवरून ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. बोट लावून बघा. एसीचं पाणी म्हणजे हवेतली ओल गार होऊन पडलेलं साधं पाणी, त्याला रंग नाही वास नाही, वाळलं की मागं काही राहत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बोटाला बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो, हिरवा किंवा गुलाबी किंवा केशरी रंग असतो आणि वाळल्यावर त्याच रंगाची नाहीतर पांढरट खपली राहते. चव घेऊन बघू नका. ते विषारी असतं, आणि गोड असल्यामुळं कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, म्हणून गॅरेजबाहेर रस्त्यावर ओतून पण देऊ नका.

एसीचं निघालं तर सुटलात, पुढचं वाचायची गरज नाही. कूलंट निघालं, किंवा खाली काहीच पडत नाही पण टाकीतली लेव्हल रोज उतरतेय, तर मग बसा जरा.

आमच्या घरात गाडीचा धंदा आहे. आण्णांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, दहा चाकी गाडी कराड ते भिवंडी चालते, मी हिशोब बघतो आणि उरलेल्या वेळात मिस्त्रीच्या मागं बॅटरी (टॉर्च) धरून उभा राहतो. ही गाडी मागं दीड महिना पाणी पीत होती. फेरीला दोन लिटर. खाली एक थेंब नाही. ती गोष्ट पुढं येईलच, पण ती कळायला आधी हे सगळं फिरतं कसं ते बघू.

## कूलंट म्हणजे रंग टाकलेलं पाणी नव्हे

डिझेल जाळून जेवढी ताकद निघते त्यातली चाकांपर्यंत चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचली तरी खूप झालं. बाकीची उष्णता होऊन जाते, त्यातली बरीचशी सायलेन्सरमधून आणि उरलेली पाण्यातून. दोनशे हॉर्सपॉवरचं इंजिन घाटात पूर्ण दमात असताना पाण्यात जी उष्णता टाकतं ती घरातले चाळीस-पन्नास गिझर एकदम चालू केल्यासारखी असते. एवढी उष्णता पंचवीस-तीस लिटर पाण्यानं उचलून रेडिएटरपर्यंत न्यायची, तिथं वाऱ्याला द्यायची आणि परत यायचं, सतत. वॉटर पंप, ज्याला आपल्याकडं वॉटर बॉडी म्हणतात, तो पाणी ढकलतो. ते ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनच्या धडातून, लायनरभोवती फिरतं (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), वर हेडमध्ये, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणात जातं, तिथून थर्मोस्टॅटपाशी येतं. थर्मोस्टॅट म्हणजे दारावरचा वॉचमन, पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापत नाही तोवर तो रेडिएटरचं दार उघडत नाही, म्हणून थंडीत इंजिन लवकर गरम होतं.

हे काम साधं पाणी पण करतं. किंबहुना उष्णता उचलायला साधं पाणी जास्त चांगलं. पण ते शंभर अंशाला उकळतं, लोखंड गंजवतं आणि काश्मीरला सफरचंद भरायला गेलेल्या गाडीत रात्री गोठून ब्लॉक फोडतं. म्हणून त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल घालतात आणि गंज-खरवड होऊ नये म्हणून थोडी रसायनं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला गोठायला उणे सदतीसच्या आसपास जावं लागतं. आपल्याला कराडात त्याचं काय कौतुक नाही, आपल्याला कामाची आहेत ती रसायनं, त्यांच्याबद्दल पुढं बोलू.

## कुकरची शिट्टी

आता खरी गंमत. घरचा कुकर बघा. उघड्या पातेल्यात डाळ शंभर अंशाच्या पाण्यात शिजते, कुकरमध्ये वाफ कोंडली की तेच पाणी एकशेवीस अंशांपर्यंत जातं तरी उकळत नाही. महाबळेश्वरला उलटं, तिथं उंचीमुळं हवेचा दाब कमी, पाणी पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळायला लागतं.

इंजिनची पाण्याची टाकी पण कुकरच आहे आणि तिचं झाकण म्हणजे शिट्टी. गाडीप्रमाणं साधारण अर्धा ते एक बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या वर आणखी अर्धा ते एक पट, एवढा दाब ते धरून ठेवतं. झाकणाच्या आत दोन झडपा असतात. एक दाब जास्त झाला की सोडते, दुसरी गाडी थंड होताना बाहेरची हवा आत घेते. पहिली सैल झाली की दाब बसत नाही, पाणी लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं, गळती कुठंच दिसत नाही. दुसरी चिकटली की सकाळी रबरी होज पाईप चपटा झालेला दिसतो, कुणीतरी आतून चोखल्यासारखा.

झाकण ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू, तरी ते सगळ्यात शेवटी तपासलं जातं. मला याचं कोडं कधी सुटलेलं नाही.

एक मात्र पाठ करून ठेवा. गाडी गरम असताना झाकण उघडायचं नाही. फडकं टाकून पण नाही, "हळूच अर्धा आटा" पण नाही. आत एकशेदहा अंशाचं पाणी असेल तर दाब सुटल्याक्षणी त्याची वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. वरचा होज हाताला गार आणि मऊ लागला की मगच.

## आधी पाणी कधी जातं ते बघा, कुठून ते नंतर

गळती म्हटली की आपण लगेच गाडीखाली शिरतो. थांबा. पाणी कुठंतरी जातंय हे नक्की, पण जायचे रस्ते मोजकेच आहेत. एक तर बाहेर, जमिनीवर. नाहीतर झाकणातून. नाहीतर आत तेलात. नाहीतर सिलेंडरमधून किंवा ईजीआर कूलरमधून (धूर थंड करणारा, पुढं येईल) सायलेन्सरवाटे. आणि मोठ्या गाडीला अजून एक रस्ता असतो जो कारवाल्या मिस्त्रीला सुचतच नाही, त्याच रस्त्यानं आमचं दीड महिना पाणी गेलं.

यातला कुठला रस्ता हे ओळखायला पाना लागत नाही, मार्कर पेन लागतो. सकाळी गार गाडीत टाकीवर लेव्हलची रेघ मारायची, बाजूला तारीख. रात्री उभी राहून सकाळी उतरली? मग गार असतानाची गळती. दिवसभर सपाट रस्त्यावर काही नाही, फक्त बोरघाट चढल्यावर उतरली? मग दाबाचा किंवा हेडचा विषय. गाडी नुसती उभ्याउभ्या चालू ठेवली तरी उतरते? वेगळा विषय. चार दिवसांची ही नोंद मिस्त्रीच्या चार तासांच्या खटपटीपेक्षा जास्त सांगते. आणि नुकतंच कूलंट बदललं असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत लेव्हल थोडी खाली जातेच, आत अडकलेली हवा निघते आणि तिच्या जागी पाणी जातं. त्याला गळती समजून इंजिन खोलू नका.

थेंबाला पण हलकं समजू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसभरात चार लिटरच्या वर होतं.

## बाहेरची गळती: जिथं टपकतं तिथं ती नसते

पाणी उतारानं वाहतं आणि पंखा वारा मागं फेकतो, त्यामुळं गळती पुढं वॉटर बॉडीला असते आणि थेंब पडतो मागं चेंबरच्या कडेला. (चेंबर म्हणजे खालची तेलाची टाकी, गॅरेजमध्ये सगळे तेच म्हणतात.) म्हणून ओल जिथं संपते ते बघायचं नाही, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. इंजिन मळलेलं असेल तर हे जमत नाही, तेलाच्या चिखलात सगळंच ओलं दिसतं. आधी धुऊन घ्या, वाळू द्या, मग संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर मारा. हसू नका, बाळाला लावतात तीच. पांढऱ्या पावडरवर ओलीची रेघ अशी उमटते की आंधळ्याला पण दिसेल. आणि रात्री खाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरून ठेवा, पुढचं टोक कुठलं ते त्याच्यावर लिहून, म्हणजे सकाळी डाग कशाच्या खाली आहे ते कळतं.

होज आणि क्लिपा ही नेहमीची गिऱ्हाइकं. त्यात एक खोड असते जिनं लय लोक फसतात. रबर जुनं झालं की गार असताना आकसतं, क्लिपेखालून पाझर सुटतो, गाडी गरम झाली की रबर फुगतं आणि पाझर बंद. मिस्त्री दुपारी गरम गाडी बघतो आणि म्हणतो कुठं काय नाही. म्हणून पहाटे, गाडी चालू करायच्या आधी, बॅटरी घेऊन बघायचं.

वॉटर बॉडीच्या पोटाला एक छोटं भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये ते असतं, सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं आणि आपल्याला कळावं म्हणून. तिथं जरासा वाळलेला डाग असला तर एवढं काही नाही, पण थेंब लागला की वॉटर बॉडीचं किट टाकायची वेळ झाली. मी स्वतः बघितलंय की एकानं त्या भोकात एम-सील भरला होता. गळती थांबली, हो. पाणी बेअरिंगमध्ये गेलं आणि काही दिवसांत पंप जाम.

रेडिएटरचं म्हणाल तर जुने तांब्या-पितळेचे, ते रेडिएटरवाला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून दुरुस्त करतो. आताचे ॲल्युमिनियमचे, वरखाली प्लॅस्टिकची टाकी आणि मध्ये दुमडलेला सांधा, बहुतेक वेळा तिथंच पाझरतं. ब्लॉकच्या अंगावर ठोकलेल्या पत्र्याच्या गोल डमी असतात, त्या आतून गंजून भोक पडतं, आणि नेमकी स्टार्टरच्या मागची डमी गेली की शोधताना नाकी नऊ येतात.

## पंप मारून बघा

हे सगळं डोळ्यानं सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्याला मीटर, तो झाकणाच्या जागी बसतो. गार इंजिनवर झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. काटा हलला नाही तर निदान गार असताना तरी सगळं ठीक. उतरला तर कुठंतरी जातंय, आणि आता इंजिन बंद, पंखा बंद, वारा नाही, त्यामुळं पाझर जिथला तिथं दिसतो, कानाला पण येतो. झाकणावरच्या आकड्यापेक्षा जास्त दाब भरू नका, चांगला रेडिएटर फाटेल. याच टेस्टरला जोड लावून झाकण पण तपासता येतं.

अजून एक साधन म्हणजे चमकणारा रंग. कूलंटमध्ये तो टाकायचा, गाडी दोन दिवस चालवायची आणि अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्यासारखा दिवा मारायचा, जिथून पाझरलंय तिथं पोपटी चमकतं. बारीक गळतीला मला हाच उपाय आवडतो कारण गाडी भाड्यावर चालू राहते.

## काटा उतरतोय पण थेंब कुठंच नाही

आता आतल्या गळत्या. इथं माणसं घाबरतात आणि तिथंच पैसे जातात.

ऑइलची पट्टी काढून बघा. तेल चहासारखं दुधाळ दिसत असेल तर पाणी तेलात गेलंय. एक दोन कारणांनी जातं. तेल थंड करणारा ऑइल कूलर असतो, त्यात एका बाजूनं तेल आणि पातळ पत्र्यापलीकडं पाणी. तो फुटला तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा बराच जास्त, म्हणून तेल पाण्यात घुसतं आणि टाकीत काळपट साय दिसते. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब शून्य, पाण्याचा अजून शिल्लक, मग उलटं पाणी तेलात. म्हणजे दोन्हीकडं घाण दिसली तर आधी ऑइल कूलरवर संशय घ्या, हेडवर नंतर.

दुसरं कारण लायनर. बऱ्याच मोठ्या इंजिनात लायनर थेट पाण्यात उभा असतो, खाली रबरी ओ-रिंगा. त्या गेल्या की पाणी चेंबरमध्ये उतरतं. आणि लायनरला स्वतःला पण भोक पडतं, ते कसं हे ऐकण्यासारखं आहे. डिझेलचा दणका बसला की लायनर घंटेसारखा थरथरतो. थरथरताना त्याच्या पाठीमागं पाण्यात क्षणभर पोकळी होते, बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच लायनरच्या अंगावर फुटतात. एकेक बुडबुडा म्हणजे सुईएवढी छिन्नी. मिनिटाला हजारभर ठोके, महिनोन्‌महिने, आणि लोखंडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडत जातात. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरतात आणि हा मार झेलतात. थर रोज झिजतो, रोज नवा येतो, रसायन संपलं की थांबतो.

तेल स्वच्छ असेल तर धूर बघा. गरम इंजिन, तरी पांढरा दाट धूर आणि गोडसर वास, म्हणजे पाणी जळतंय किंवा वाफ होतंय. हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं) गेलं असेल तर अजून एक खूण असते, गार गाडी सेल्फ मारून चालू केली की मिनिटभरातच वरचा होज टणक होतो. पाणी अजून तापलेलंच नाही, मग दाब आला कुठून? सिलेंडरमधून. टाकीत सतत बुडबुडे दिसतात. यासाठी एक निळं द्रावण मिळतं, टाकीच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची, जळका वायू असेल तर निळा रंग पालटतो.

ईजीआर कूलर असेल तर तो सोडू नका. सायलेन्सरकडं जाणारा थोडा धूर परत इंजिनात घालतात, प्रदूषण कमी व्हावं म्हणून, आणि तो आधी थंड करतात. पाचशे-सहाशे अंशाचा धूर एका बाजूला, नव्वद अंशाचं पाणी दुसऱ्या बाजूला, मधला पत्रा रोज फुगतो आकसतो आणि एक दिवस तडकतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत मागं धुराची गाळणी वगैरे असते, त्यामुळं पाणी गेलं तर त्या महागड्या वस्तूंची पण वाट लागते. हा कूलर तपासायची पद्धत पंक्चरवाल्याची आहे. काढायचा, पाण्याची तोंडं बंद करून हवा भरायची, टबात बुडवायचा, बुडबुडा दिसला की निकाल.

आणि एक इशारा. रात्रभर उभ्या गाडीत सिलेंडरमध्ये पाणी साचल्याचा संशय असेल, सेल्फ मारल्यावर इंजिन ‘ठक्’ करून अडलं असेल, तर परत सेल्फ मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

## आमच्या गाडीचं काय झालं

फेरीला दोन लिटर. तेल स्वच्छ. धूर साधा. टेस्टरवर काटा अर्धा तास हलला नाही. पण टाकीत बुडबुडे येत होते आणि घाटात झाकणातून पाणी बाहेर ढकललं जात होतं, बोनेटच्या आत सगळीकडं गुलाबी शिंतोडे. मिस्त्रींनी सांगून टाकलं, "आण्णा, हेड उतरवावं लागतंय." आण्णांनी हिशोब घातला, हेडचं काम, पॅकिंग, आठ दिवस गाडी उभी, आणि हप्ता डोक्यावर. म्हणाले, "रविवारपर्यंत थांब."

शनिवारी संध्याकाळी ड्रायव्हर मामा गाडी धुवत होते. त्यांनी हाक मारली, "मालक, हे बघा की, हितं गुलाबी कसं काय?" दाखवलं ते इंजिनपासून लांब, चासीच्या पट्टीवर, ब्रेकच्या एअर ड्रायरखाली. ड्रायर मधूनमधून ‘फुस्स’ करून ओलसर हवा सोडतो ना, त्या भोकाखाली चासीवर गुलाबी ओघळ, वाळून खपली धरलेला. हवेच्या टाकीची खालची चावी ओढली तर आधी तेलकट पाणी आलं आणि मागून चमचाभर गुलाबी.

ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवरच बसतो आणि तो पण तापतो, म्हणून त्याच्या हेडमधून इंजिनचंच पाणी फिरवलेलं असतं. त्याचं छोटं पॅकिंग गेलं होतं. कॉम्प्रेसर आठ बारपर्यंत हवा दाबतो, पाणी एक बारवर. मग हवा पाण्यात घुसते, टाकीत बुडबुडे, झाकणातून पाणी बाहेर, हुबेहूब इंजिनचं हेड पॅकिंग गेल्यासारखं. गाडी बंद झाली की उलट, उरलेल्या दाबानं पाणी कॉम्प्रेसरमध्ये आणि तिथून ब्रेकच्या हवेत. टेस्टरवर काटा का हलला नाही हे मला आधी कळेना, मिस्त्रींनी नंतर सांगितलं की गार असताना पॅकिंगची फट मिटत असणार.

पक्कं कसं केलं तर हवेच्या टाक्या पूर्ण भरू दिल्या, ड्रायर फुस्सला आणि कॉम्प्रेसर दाबायचा थांबला, टाकीतले बुडबुडे थांबले. ब्रेक चारदा दाबून हवा उतरवली, कॉम्प्रेसर परत कामाला लागला, बुडबुडे परत सुरू. सिलेंडरमधला वायू असता तर त्याला ब्रेकशी काय देणंघेणं?

कॉम्प्रेसरचं काम एका दिवसात झालं. मिस्त्रींना दोष देत नाही मी, दहातले नऊ जण तेच म्हणाले असते. पण आमचं नशीब चांगलं की आधी पाणी दिसलं, कारण ब्रेकच्या झडपांत कूलंट जाणं धोक्याचं, आणि तसाच खंबाटकी घाट उतरताना ब्रेकनं दगा दिला असता तर हा लेख लिहायला कुणी नसतं.

## "पूर्वी विहिरीचं पाणी टाकून गाड्या चालायच्या की"

चालायच्या, खरंय. दर थोड्या दिवसांनी रेडिएटर उघडून रॉड मारून साफ पण करायला लागायचे, हे सोयीस्कर विसरलं जातं. बोअरचं पाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर जशी पांढरी खरवड बसते तशी लायनरच्या पाठीवर बसते, आणि ती उष्णता अडवते. वर सांगितलेली बुडबुड्यांची छिन्नी साध्या पाण्यात मोकाट सुटते. अडचणीत, रस्त्यात, दोन लिटर साधं पाणी टाकून घरी आलात तर काही बिघडत नाही. तेच वर्षभर टाकत राहिलात तर कूलंट पातळ होऊन त्यात रसायन उरतच नाही. टाकायचं तर शुद्ध केलेलं पाणी, बॅटरीत घालतात तसलं.

रंगावरून पण जाऊ नका, "हिरव्यात हिरवं" असं नसतं. रंग कंपनी ठरवते, आतलं रसायन वेगळं असू शकतं. न जुळणारी दोन एकत्र केली की कधी कधी खिरीसारखा गाळ होतो.

## "चिमूटभर हळद टाकली की थांबतंय"

थांबतं पण. बारीक भोकात हळद फुगून बसते, डिझेल टाकीच्या पाझराला अंगाचा साबण चोळतात त्यातलाच प्रकार. रात्री दोन वाजता रस्त्यात असाल तर मी पण टाकेन. पण हळदीला गळतीचं भोक आणि रेडिएटरची नळी यातला फरक कळत नाही, ती दोन्ही बुजवते. बाटलीत मिळणारं लीक बंद करायचं औषध पण जास्त वेगळं वागत नाही. टाकलं असेल तर गळती काढल्यावर सगळं धुऊन नवीन कूलंट भरा आणि मिस्त्रीला सांगा की टाकलं होतं, लपवू नका.

## "थर्मोस्टॅट काढला की गरमच होत नाही"

हा सल्ला हायवेच्या प्रत्येक गॅरेजमध्ये फुकट मिळतो. काढल्यावर सपाटीला इंजिन गार राहतं, गार इंजिन डिझेल जास्त खातं आणि जास्त झिजतं. शिवाय बऱ्याच इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना दुसरीकडची पळवाट बंद करतो. तो नसला की थोडं पाणी रेडिएटरला न जाताच त्या पळवाटेनं परत इंजिनात, आणि भरल्या गाडीला घाटात उलट जास्त ताप. आणि गळती होती ती तशीच राहते.

## काटा खाली आला तर आनंदू नका

घाटात हीटचा काटा चढत चढत लाल पट्टीपाशी जातो आणि अचानक खाली येतो. ड्रायव्हर म्हणतो, उतरली बघा हीट. कधी कधी उतरलेलं असतं ते पाणी. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं सांगतो, पाणी गेलं आणि तो हवेत राहिला की त्याला गार वाटतं, आणि शेजारी हेड लाल होत असतं. काटा अचानक खाली आणि त्याच वेळी इंजिनची ताकद कमी, हे दोन्ही एकत्र दिसलं तर बाजूला घ्या.

काटा नुसता वर गेला असेल आणि पाणी शिल्लक असेल तर लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं लोडशिवाय चालू ठेवा म्हणजे पंप आणि पंखा उष्णता काढतील. पाणीच गेलं असेल तर ताबडतोब बंद. मग थांबायचं, अर्धा तास नाही, हात लावता येईपर्यंत, आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, काचेच्या गरम ग्लासात बर्फ टाकल्यावर जे होतं तेच हेडचं होतं. आमचे मामा आता भिवंडीहून भरून निघाले की खोपोलीला गाडी बाजूला घेतात, रेघ बघतात, वाकून ड्रायरखाली बोट फिरवतात आणि मगच घाटाला लागतात.